एकचक्रेचे भाडेकरू

वर्धा जिल्ह्यातील केळझर हे गाव टेकडीवरच्या सिद्धिविनायकासाठी प्रसिद्ध असून विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. परंतु हीच महाभारतातील एकचक्रानगरी, असे सांगणारी तेथील स्थानिक परंपरा वेषांतराच्या प्रणयकथेचा इतिहास शोधणाऱ्याला अधिक उपयोगी पडते. (हा मान खानदेशातील एरंडोलही सांगते.) आदिपर्वानुसार लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणवेषाने एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी राहिले आणि भिक्षेवर गुजराण करू लागले, विराटनगरीतील तेराव्या वर्षाचा अज्ञातवास तो निराळा. येथे वेष पालटला तो डोक्यावर छप्पर हवे म्हणून, आणि त्या घराचे भाडे भीमाने बकासुराला मारून फेडले, असे म्हणता येईल. पुढे त्याच वेषात ते पांचालनगरीस गेले आणि जमलेल्या राजांनी ज्याला ब्राह्मणच समजले, त्या अर्जुनाने द्रौपदीचा पण जिंकला.

अर्जुनाची ही खोड अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘संगीत सौभद्र’मध्ये रंगभूमीवर आणली. सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरवणारा बलराम यतिवेषातील अर्जुनालाच साधू मानून तिला त्याच्या सेवेस ठेवतो. येथील गंमत रहस्यात नाही. प्रेक्षकाला आणि कृष्णाला सर्व ठाऊक असल्यामुळे बलरामाच्या प्रत्येक भाबड्या वाक्याला दुसरा अर्थ चिकटतो आणि अभिज्ञान, म्हणजे खरी ओळख पटण्याचा क्षण, जितका लांबतो तितका रंग चढतो. शिवाय सुभद्रा होत ते भाऊराव कोल्हटकर, म्हणजे नायकाच्या वेषांतराला नायिकेच्या भूमिकेतील पुरुषाचे दुसरे वेषांतर जोडलेले असे, आणि या दुसऱ्याला मात्र प्रेक्षक खुशीने फसत.

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर बेतलेला सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पुन्हा छपराकडेच वळतो. पुण्यात जोडप्यांनाच खोली देणाऱ्या घरमालकिणीपुढे चौघा मित्रांपैकी दोघे बायका होतात. पुरुषाने स्त्री होण्याची जी गोष्ट सौभद्रकाळी नटाचा पेशा होती, ती येथे पात्राची अडचण ठरते. वसंत सबनीसांचे संवाद ही अडचण वाढवत नेतात, इतकी की लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीचे डोहाळेही साग्रसंगीत पुरवले जातात.