आकाशराणीचे उपासक : एका आपत्तीचे दोन अर्थ

इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने यरुशलेम जाळले. पुढे काही यहूदी मिसर देशात आश्रयास गेले व यिर्मया संदेष्ट्यालाही त्यांनी बरोबर नेले. तेथे झालेला वाद त्याच्या ग्रंथाच्या ४४ व्या अध्यायात आला आहे. त्यात प्रतिपक्षाचे म्हणणेही नोंदले गेले आहे, हे त्याचे विशेष महत्त्व होय.

परदैवतांच्या पूजेमुळे राज्य बुडाले, असे यिर्मयाचे प्रतिपादन. निर्वासितांनी नेमके उलट उत्तर दिले : आकाशराणीला धूप व पेयार्पण वाहत होतो तोवर अन्नाची ददात नव्हती, ती सेवा सुटली आणि तलवार व दुष्काळ पाठीस लागले. देवीच्या आकृतीच्या पोळ्या आपण पतींच्या संमतीनेच भाजल्या, असे स्त्रियांनी बजावले.

हा हट्ट केवळ अज्ञानाचा नव्हता. योशीया राजाने इ. स. पू. ६२२ मध्ये परदैवतांची पूजास्थाने मोडली. ६०९ मध्ये तो मगिद्दो येथे मारला गेला आणि तेवीस वर्षांत राजधानी पडली. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे निर्वासितांचा तर्क निराधार म्हणता येत नाही.

मिसरमधील यहूद्यांच्या मुखी परमेश्वराचे नाव उरणार नाही, असे यिर्मयाने बजावले होते. नाईल नदीतील एलेफन्टाइन बेटावरील यहूदी वसाहतीचे कागद मात्र वेगळे चित्र दाखवितात. तेथील लोक याच निर्वासितांचे वंशज होते असे सिद्ध झालेले नाही, परंतु इ. स. पू. ४०० च्या सुमाराच्या वर्गणीच्या यादीत याहोसाठी १२ कर्श ६ शेकेल व अनत-बेथेल देवीसाठी १२ कर्श अशी नोंद आहे. नाव लोपले नाही. त्याच्याशेजारी दुसरे नाव नांदत राहिले.

मग आध्यात्मिक परिणाम कोणता? दोन्ही पक्ष आपत्तीला दैवी कारण शोधीत होते. परंतु निर्वासितांना दोष दिसला तो चुकलेल्या अर्पणात. म्हणून उपायही अर्पणाचाच. यिर्मयाने पूजेबरोबर न्याय, परका, अनाथ व विधवा यांचाही हिशेब मागितला होता. देवाशी व्यवहार देण्याघेण्यापुरताच राहिला, तर संकटातही मनुष्य स्वतःच्या आचरणाकडे वळत नाही. धूप पुन्हा पेटविता येतो. आत्मपरीक्षण मात्र राहूनच जाते. त्या हट्टाची खरी किंमत हीच असावी.