लशीनंतरचा ताप : मुंबईच्या इतिहासांतील एक प्रकरण

लस टोंचून घेतल्यावर दंड ठणकतो, अंग मोडून येतें, रात्रीं ताप भरतो आणि घरांतील वडील माणसें चिंतेंत पडतात. हा अनुभव घरोघर परिचयाचा आहे. परंतु ह्या एकदोन दिवसांच्या तापालाही इतिहास आहे, आणि त्यांतील एक मोठें प्रकरण मुंबई शहरांत घडलें, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें.

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस ह्यांनीं प्लेगची सांथ ओळखली. थोड्याच अवधींत बिऱ्हाडें मोडून लोक शहराबाहेर पडूं लागले. सरकारनें वॉल्डेमार हाफकीन ह्या शास्त्रज्ञास मुंबईस पाचारण केलें. हाफकीन १८६० सालीं तत्कालीन रशियन साम्राज्यांतील ओदेसा येथें जन्मले. पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करीत असतां त्यांनीं पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजीं ती प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका चिंचोळ्या जागेंत त्यांनीं प्लेगच्या लशीवर काम आरंभिलें. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधारानें ते प्लेगचे जंतु वाढवीत, मग ऊब देऊन त्यांना मारीत आणि त्या द्रवांत कार्बोलिक ॲसिड घालीत. खाण्यापिण्याच्या बाबतींत हिंदु-मुसलमानांच्या भावना दुखावूं नयेत म्हणून मांसरस बकऱ्याच्या मांसाचा घेतलेला असे.

१० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ही लसही आधीं स्वतःलाच टोंचून घेतली, व तीही पुढें लोकांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट अधिक. दंड दुखूं लागला, ताप चढला. पण कांहीं दिवसांत प्रकृति पूर्ववत् झाली. इतकी खात्री पटल्यावरच त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांना लस देण्यांत आली. तुरुंगांत प्लेग शिरलेलाच होता. लस न घेतलेल्या कैद्यांच्या मानानें घेतलेल्यांत रोगाचा उपद्रव पुष्कळच कमी झाला.

हा ताप कां येतो? लशींतील जंतु मेलेले असले तरी शरीर त्यांस शत्रूच मानतें. रक्तांतील संरक्षक पेशी त्यांच्यावर चालून जातात आणि अशीं द्रव्यें सोडतात कीं, मेंदूंतील उष्णतेचें नियमन करणारें केंद्र शरीराची ऊब वाढवितें. टोंचल्या जागीं रक्ताचा ओघ वाढतो, म्हणून सूज येते. हें काम आटोपलें कीं ताप आपोआप उतरतो. लस लागू झाल्याचें चिन्ह म्हणून हाफकीन ह्या तापाकडे पाहत. मात्र ताप न आल्यास लस व्यर्थ गेली असें होत नाहीं, हें आजचें शास्त्र सांगतें.

प्रयोगशाळेंत हें स्पष्ट असलें तरी चाळींत तें पटवून देणें सोपें नव्हतें. ताप आणि गांठ हींच प्लेगचीं लक्षणें, आणि त्या धास्तीनें लोक हवालदिल झालेले. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीचा कायदा होऊन घरांची झडती व रोग्यांचें स्थलांतर सुरू झालें. पुण्यांतील त्या जाचाचा शेवट २२ जूनच्या रात्रीं रँडवर झालेल्या गोळीबारांत झाला. अशा वेळीं सरकारी माणसानें सुई टोंचावी आणि त्याच रात्रीं अंग तापावें, तर संशय न येईल तरच नवल. शिवाय रोजावर पोट भरणाऱ्या गिरणीकामगाराला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणें. त्याच्या नकाराला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाहीं.

हा संशय घालविण्यास हुकुमापेक्षां उदाहरण अधिक उपयोगी पडलें. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरु आगाखान ह्यांनीं आपल्या अनुयायांदेखत लस टोंचून घेतली. आपला प्रमुख लस घेऊनही धडधाकट आहे, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. प्रयोगशाळेला जागाही त्यांनींच दिली. १८९९ सालीं ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली.

तथापि लशीनंतरचें प्रत्येक दुखणें ह्याच जातीचें नसतें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं १०७ लोकांना लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले. लस पांच बाटल्यांतील होती. हे एकोणीसही जण एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. चौकशींत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकीन ह्यांना पदावरून दूर व्हावें लागलें. परंतु बाटली उघडतांना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच पुन्हां वापरला गेला, ही गोष्ट पुराव्यांत आलेली होती. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात. १९०७ च्या जुलैंत रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हाफकीन ह्यांच्या निर्दोषत्वाचा जाहीर पुरस्कार केला, आणि त्याच वर्षीं त्यांच्यावरील ठपका दूर झाला. लशीचा ताप दोन दिवसांत उतरला. हा कलंक पुसावयास पांच वर्षें लागलीं. मलकोवालचीं एकोणीस घरें मात्र कायमचीं पोरकीं झालीं, आणि हाफकीन निर्दोष ठरले म्हणून त्यांचें दुःख हलकें झालें नाहीं.

ह्या प्रकरणानें दोन गोष्टींतील भेद स्पष्ट केला. अंगदुखी, सूज व ताप हा लशीच्या कार्याचाच भाग असून विश्रांति, पाणी आणि थोडा धीर एवढ्यानें तो सरतो. उलट अस्वच्छ उपकरणानें झालेला अपाय हा माणसाच्या हलगर्जीपणाचा परिणाम असतो. त्याला क्षमा नाहीं, आणि तो लपविणें हा तर दुसरा अपराध. दोहोंची गल्लत झाली म्हणजे एकीकडे उपकारक लशीची नाहक भीति बसते, आणि दुसरीकडे खरी चूक ‘सर्वांनाच थोडा ताप येतो’ ह्या सबबीखालीं झांकली जाते. लस दिल्यावर माणसाला थोडा वेळ बसवून ठेवणें, ताप लांबला किंवा कांहीं विपरीत दिसलें तर डॉक्टरला ताबडतोब कळविण्यास सांगणें, आणि प्रत्येक बाटलीची नोंद राखणें, ह्या आजच्या साध्या वाटणाऱ्या रीतींचें महत्त्व मलकोवालच्या एका बाटलीवरून ध्यानांत येतें.

हाफकीन १९३० सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें निवर्तले. त्याआधीं पांच वर्षें, १९२५ सालीं, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचें नांव देण्यांत आलें. ज्या संस्थेंतून त्यांना ठपका घेऊन बाहेर पडावें लागलें, तिच्याच दारावर तें नांव आजही आहे.