गाठ काढली, मग किरण कशाला?

स्तनातली लहानशी गाठ काढून झाली आहे, टाके सुकले आहेत. आणि आता डॉक्टर म्हणतात, किरणोपचार घ्यावे लागतील. बाईच्या मनात येते, गाठ तर गेली, मग हे कशाला? हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. वैद्यकशास्त्र त्याच्याशी शंभर वर्षे झगडते आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत, बाल्टिमोरला, विल्यम हॉल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी अशा सगळ्याच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. रोग मुळासकट उपटायचा, हा विचार. जीव वाचला तरी हात सुजे, खांदा आखडे. पुढे कित्येक दशके यात बदल करायला शल्यविशारद तयार नव्हते.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील जेफ्री केन्स यांना मात्र हे पटेना. (प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे बंधू.) १९२०च्या दशकात त्यांनी स्तन न काढता त्यात रेडियमच्या सुया खोचून उपचार सुरू केले आणि १९३७ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीचा गुण येतो, असे त्यांचे म्हणणे. समव्यावसायिकांनी ते फारसे मनावर घेतले नाही. मग महायुद्ध आले आणि काम थांबले.

मिलानचे उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर रीतसर तुलना केली. स्तनाचा काही भाग काढून किरण दिलेल्या स्त्रिया हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया झालेल्यांइतक्याच जगल्या. पण यात यश सुरीचे किती आणि किरणांचे किती, हे कळायला मार्ग नव्हता.

तो उलगडा पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी केला. कर्करोगाच्या पेशी लवकरच रक्तात उतरतात, तेव्हा जास्त कापून जास्त जीव वाचत नाहीत, असे त्यांचे मत. १९७६ पासून त्यांनी स्त्रियांचे तीन गट केले: पूर्ण स्तन काढलेल्या, फक्त गाठ काढलेल्या, आणि गाठ काढून किरण दिलेल्या. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरे. त्याला होकार देणाऱ्या त्या बायकांचे धैर्य आपण विसरतो. वीस वर्षांनंतरचा निकाल २००२ साली आला. जगण्याचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखे. परंतु किरण न घेतलेल्या शंभरांपैकी ३९ जणींच्या त्याच स्तनात रोग परतला. घेतलेल्यांपैकी १४ जणींच्या.

म्हणजे किरणांनी जीव वाचत नाही? एका चाचणीच्या आकड्यांत ते दिसले नाही, एवढेच. २०११ साली १७ चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू शंभरात २५ वरून २१ वर आल्याचे दिसले.

मग सर्वांनीच घ्यावे का? इथे वय आणि गाठीचा प्रकार आड येतो. ब्रिटनमधून सुरू झालेल्या एका चाचणीत ६५ वा अधिक वयाच्या स्त्रिया होत्या. गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत, संप्रेरकांना प्रतिसाद देणारी, काखेत रोग नाही, आणि संप्रेरकरोधक गोळ्या चालू. निकाल २०२३ साली आला. दहा वर्षांत किरणांविना शंभरात नऊ-दहा जणींच्या स्तनात रोग परतला, किरण घेऊन एकीच्या. हयात मात्र दोन्हीकडे सुमारे ८१. अर्थात, गोळ्या वर्षानुवर्षे नेमाने घ्यायच्या, हे त्यात गृहीत आहे. सांधेदुखीने कंटाळून त्या मध्येच सोडणाऱ्या बायका असतात.

पूर्वी किरणांना पाच-सहा आठवडे लागत. गडचिरोलीहून नागपूरला येऊन राहायचे तर घर, शेत, मजुरी सगळे बुडे. तेवढ्यासाठी पूर्ण स्तन काढणे बरे, असे ठरवणाऱ्याही असत. २०२० साली एका ब्रिटिश चाचणीने दाखवले, की पुष्कळ जणींना आठवड्यातले पाच डोसही पुरतात. तेव्हा डॉक्टरांना विचारावे: माझी गाठ कोणत्या प्रकारची, किती दिवस लागतील, आणि शंभरात माझा आकडा किती? नऊ हा आकडा एकीला मोठा वाटेल, तिच्याच वयाच्या दुसरीला लहान.