हात, घड्याळ आणि साकव

वेल्हे तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या अंगाला ओढा आहे. अलीकडे घरं, पलीकडे शाळा आणि एस.टी.चा थांबा. उन्हाळ्यात चप्पल न भिजता पार होता येतं. आषाढात मात्र ओढा कुणाला जुमानत नाही.

तोरण्याखालचा हा मुलूख पूर्वी भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषद आली, भोर-वेल्ह्याला पंचायत समित्या आल्या. साकव मागायचा तर अर्ज कुठं द्यायचा, हे तेव्हापासून ठरलं. पुढं बरीच वर्षं आमच्याकडं काँग्रेस म्हणजे अनंतराव थोपटे आणि थोपटे म्हणजे हाताचा पंजा. आमची आजी नाव वाचायची नाही, पंजा बघायची.

1999 च्या जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली आणि सप्टेंबरात मतदान आलं. हाताशेजारी घड्याळ आलं. माझे थोरले चुलते, आण्णा, हाताबरोबर राहिले. आमचे दादा घड्याळाकडं गेले. भोरमध्ये थोपटे पडले, काशिनाथ खुटवड निवडून आले. जिल्हा परिषदेची सूत्रंही पुढं राष्ट्रवादीकडं गेली, ती अशी की 2017 लाही 75 पैकी 44 जागा घड्याळाच्या. मधल्या काळात आमदारकी मात्र 2004 ला परत थोपट्यांकडं आली आणि 2009 पासून सलग तीनदा संग्राम थोपटे निवडून आले. आमदार हाताचा, जिल्हा परिषद घड्याळाची. अशा जात्यात आमची वाडी सापडली.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. तरी आमच्याकडं ‘हातवालं पॅनल’ आणि ‘घड्याळवालं पॅनल’ झालं. भैरवनाथाच्या यात्रेची वर्गणी दोन वह्यांत गेली. साकवाचा ठराव ग्रामसभेत दोनदा आला. एकदा हातवाले उठून गेले, एकदा आम्ही. दोन्ही वेळा गणपूर्ती झाली नाही. त्याचा दोष मी वर कुणाला देत नाही. श्रेय कुणाला जाईल, एवढ्यापायी आम्हीच आमचा साकव अडवला.

एका पावसाळ्यात थोरली आई, म्हणजे आण्णांची बायको, तापानं फणफणली. घोंगड्याची झोळी केली, वासा घातला. चौघं पाहिजे होते, तिघंच मिळाले. दादा काही न बोलता गेले आणि वाशाला खांदा दिला. छातीएवढ्या पाण्यातनं तिला पलीकडं नेली. ती वाचली. दोघा भावांचं बोलणं मात्र सुरू झालं नाही.

2024 च्या मार्चमध्ये पेपरात फोटो आला. शरद पवार भोरजवळ अनंतरावांच्या घरी भेटायला आले होते. दोघंही थकलेले, शेजारी शेजारी बसलेले. दादांनी पेपर घेतला आणि पंचवीस वर्षांनी आण्णांच्या ओट्यावर जाऊन बसले.

आण्णांनी फोटो लांब धरून बघितला. म्हणाले, “त्यांचं मिटलं. आपलं व्हतं तरी काय रं?”

दादांना उत्तर सुचलं नाही. थोरल्या आईनं चहा आणला.

त्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव एकमतानं झाला. सूचक आण्णा, अनुमोदक दादा. आता कागद द्यायचा कुणाला? जिल्हा परिषदेची मुदत 2022 च्या मार्चमध्येच संपली होती. निवडणूक नाही, गटाचा सदस्य नाही, कारभार प्रशासकाकडं. आम्ही भांडत होतो तेव्हा सदस्य होता. आम्ही एक झालो तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. अर्ज कचेरीत देऊन पोच घेतली.

नोव्हेंबरात संग्राम थोपटे पडले, घड्याळाचे शंकर मांडेकर आमदार झाले. 2025 च्या एप्रिलमध्ये थोपटे भाजपमध्ये गेले. ज्या पंजासाठी आण्णांनी भावाशी बोलणं सोडलं, तो पंजा त्या घरातनंच गेला. तालुक्याचंही नाव आता राजगड झालंय.

आण्णा पोचपावती टोपीत जपून ठेवतात. म्हणतात, “येऊ दे कुणाचंबी राज. दारात मत मागाय आला की आधी हे दाखवायचं. आन् दोघांनी मिळून दाखवायचं.”