'अजाइल'चे प्रमाणपत्र : निवड डोळसपणे हवी

कडा (जि. बीड) : आष्टी तालुक्यातील कडा हे तसे कांद्याच्या बाजाराचे आणि शाळा-महाविद्यालयांचे गाव. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात शेतीचा भरवसा नाही. त्यामुळे पदवी हाती पडली की येथील तरुणांची पावले अहिल्यानगरमार्गे पुण्याकडे वळतात. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहिल्यानगर ते न्यू आष्टी ही रेल्वे सुरू झाली आणि कडा रेल्वेच्या नकाशावर आले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी हा मार्ग बीडपर्यंत पोहोचला. वाट सोपी झाली, पण हिंजवडी, मगरपट्टा, खराडी येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या दारातील स्पर्धा मात्र कमी झालेली नाही.

या स्पर्धेत इतरांहून वेगळे दिसावे म्हणून अनेक उमेदवार 'अजाइल' प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राकडे वळतात. ही प्रमाणपत्रे डझनावारी आहेत, त्यांचे शुल्क बहुधा डॉलरमध्ये आहे आणि काहींसाठी अनुभवाची अटही आहे. शेतकरी कुटुंबातील मुलाने एवढी रक्कम चुकीच्या परीक्षेवर घालवली, तर तो फटका साऱ्या घराला बसतो. म्हणूनच कोणती परीक्षा, कोणासाठी आणि केव्हा, हे आधी नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

अजाइल म्हणजे काय?

पूर्वी सॉफ्टवेअर तयार करताना आधी सर्व मागण्या लिहून घेतल्या जात, मग आराखडा, मग प्रत्यक्ष काम, शेवटी चाचणी असा क्रम असे. ग्राहकाच्या हाती वस्तू वर्ष-दीड वर्षाने पडे आणि तोवर त्याची गरजच बदललेली असे. यावर उपाय शोधण्यासाठी फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ तज्ज्ञ एकत्र आले. त्यांनी चार मूल्ये आणि बारा तत्त्वे असलेला जाहीरनामा प्रसिद्ध केला. काम लहान टप्प्यांत करावे, प्रत्येक टप्प्यानंतर ग्राहकाला वापरता येईल असे काही दाखवावे आणि त्याच्या प्रतिसादानुसार पुढचे काम ठरवावे, हा त्याचा गाभा.

अजाइल हा विचार आहे. तो अमलात आणण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांत सर्वाधिक रूढ आहे ती 'स्क्रम'. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये ती प्रथम जाहीररीत्या मांडली. यात काम जास्तीत जास्त एक महिन्याच्या 'स्प्रिंट'मध्ये विभागले जाते. दररोज १५ मिनिटांची बैठक होते. कोणते काम आधी करायचे हे 'प्रॉडक्ट ओनर' ठरवतो, प्रत्यक्ष काम 'डेव्हलपर्स' करतात आणि पद्धत नीट पाळली जावी, अडथळे दूर व्हावेत याची जबाबदारी 'स्क्रम मास्टर'कडे असते. जपानमधील टोयोटा कारखान्यातून आलेली 'कानबान' ही दुसरी प्रचलित पद्धत. तीत कामे फलकावर मांडून एका वेळी हाती घ्यायच्या कामांवर मर्यादा घातली जाते.

प्रमुख प्रमाणपत्रे

सर्टिफाइड स्क्रम मास्टर (सीएसएम) : २००१ मध्ये स्थापन झालेल्या स्क्रम अलायन्स या संस्थेचे हे प्रमाणपत्र भारतीय कंपन्यांच्या जाहिरातींत वारंवार दिसते. यासाठी संस्थेच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे अभ्यासवर्ग करणे बंधनकारक आहे. तो साधारणपणे दोन दिवसांचा असतो. त्यानंतरच्या परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि ३७ अचूक उत्तरांना उत्तीर्ण मानले जाते. परीक्षा फार अवघड नाही. खर्च मुख्यतः अभ्यासवर्गाचा असतो. प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षे असून नूतनीकरणासाठी १०० डॉलर आणि २० शैक्षणिक गुण लागतात.

प्रोफेशनल स्क्रम मास्टर (पीएसएम) : श्वाबर यांनी २००९ मध्ये स्थापन केलेल्या स्क्रम डॉट ऑर्गचे हे प्रमाणपत्र. अभ्यासवर्गाची सक्ती नाही, परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते. पहिल्या पातळीसाठी ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी ८५ टक्के गुण, म्हणजे किमान ६८ उत्तरे बरोबर हवीत. एका प्रश्नाला ४५ सेकंदच मिळतात. शुल्क २०० डॉलर असून नापास झाल्यास ते पुन्हा भरावे लागते. मात्र प्रमाणपत्राला मुदत नाही, नूतनीकरणाचा खर्च नाही. याच धर्तीवर प्रॉडक्ट ओनरसाठी पीएसपीओ ही परीक्षा आहे.

सीएपीएम : प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट (पीएमआय) या अमेरिकी संस्थेचे हे प्रवेशपातळीचे प्रमाणपत्र. कामाच्या अनुभवाची अट नाही. मात्र प्रकल्प व्यवस्थापनाचे २३ तासांचे शिक्षण लागते. परीक्षेत १५० प्रश्न असतात. २०२३ च्या सुधारित अभ्यासक्रमात अजाइल पद्धतींना २० टक्के वाटा आहे. पारंपरिक व्यवस्थापन आणि व्यवसाय विश्लेषण यांचाही त्यात समावेश असल्याने केवळ सॉफ्टवेअरमध्येच जायचे, असे न ठरवलेल्यांना ते उपयोगी पडते.

पीएमआय-एसीपी : याच संस्थेची ही खास अजाइलची परीक्षा. तीन तासांत १२० प्रश्न. स्क्रमबरोबर कानबान व अन्य पद्धतीही विचारल्या जातात. अजाइल चमूत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागत असल्याने नवख्या उमेदवाराने तूर्त विचार करू नये. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

पीएमपी : प्रकल्प व्यवस्थापनातील सर्वाधिक प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र. पदवीधराला किमान ३६ महिने प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण लागते. जानेवारी २०२१ मध्ये परीक्षा बदलली, तेव्हा जवळपास निम्मे प्रश्न अजाइल किंवा संमिश्र पद्धतींवर आले. त्यामुळे अनुभवी व्यक्तीने वेगळे अजाइल प्रमाणपत्र घेण्याआधी हा पर्याय तपासावा.

सेफ : शेकडो लोक एकाच मोठ्या प्रकल्पावर काम करतात, तेथे अजाइल कशी राबवावी, याचा आराखडा २०११ मध्ये डीन लेफिंगवेल यांनी मांडला. बँका, विमा कंपन्या अशा मोठ्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या चमूंत त्याला मागणी असते. नूतनीकरण दरवर्षी असल्याने हा खर्च शक्यतो कंपनीने उचलल्यासच करावा.

कोणी काय निवडावे?

अंतिम वर्षाचा विद्यार्थी किंवा नुकताच पदवीधर झालेला उमेदवार असेल, तर स्क्रम मास्टरची नोकरी थेट मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. चमूतील अडथळे दूर करण्याची जबाबदारी कंपन्या सहसा अननुभवी व्यक्तीवर सोपवत नाहीत. अशा उमेदवाराला पहिली नोकरी मिळते ती प्रोग्रॅमिंग, चाचणी किंवा ग्राहकसेवेच्या कौशल्यावर. अजाइलचे ज्ञान हे त्याला पूरक. त्याने आधी मूळ कौशल्य पक्के करावे आणि पैसे हाताशी असतील तरच पीएसएम किंवा सीएपीएम यांपैकी एक द्यावे.

दोन ते पाच वर्षांचा अनुभव असलेल्या चाचणी अभियंत्याला किंवा प्रोग्रॅमरला चमूचे समन्वयन करायचे असेल, तर सीएसएम अथवा पीएसएम योग्य. दोन्ही एकाच वेळी घेण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रम जवळपास एकच आहे. पाच वर्षांहून अधिक अनुभव असल्यास पीएमआय-एसीपी किंवा पीएमपीचा विचार करावा. बँक, विमा, विक्री अशा क्षेत्रांतून आलेल्यांना ग्राहकाची गरज ठाऊक असते. त्यांच्यासाठी प्रॉडक्ट ओनरची वाट अधिक जवळची.

निवडीची सोपी कसोटी म्हणजे ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे, त्याच्या पुण्यातील २५-३० जाहिराती वाचाव्यात आणि कोणत्या प्रमाणपत्राचे नाव किती वेळा येते, ते वहीत टिपावे. अभ्यासवर्ग चालकाच्या सल्ल्यापेक्षा ही नोंद अधिक विश्वासार्ह असते.

खर्चाचा हिशेब

पीएसएमचे २०० डॉलर रुपयांत किती होतात, हे विनिमय दरानुसार ठरते. सीएसएमचे शुल्क प्रशिक्षकानुसार बदलते. मात्र पहिल्या सहा वर्षांत दोनदा नूतनीकरण धरले, तर मूळ शुल्कावर आणखी २०० डॉलर पडतात. प्रमाणपत्र घेताना पुढील पाच-सहा वर्षांचा खर्च मांडून पाहावा.

तयारीसाठी मात्र फार पैसे लागत नाहीत. स्क्रमचा अधिकृत मार्गदर्शक ग्रंथ, 'स्क्रम गाइड', अवघ्या १३ पानांचा असून तो इंटरनेटवर विनामूल्य आहे. त्याची नोव्हेंबर २०२० ची आवृत्ती वाचावी. स्क्रम डॉट ऑर्गवर ३० प्रश्नांची सराव चाचणी मोफत देता येते. तीत सातत्याने पूर्ण गुण मिळू लागल्याखेरीज शुल्क भरण्याची घाई करू नये. परीक्षेची भाषा इंग्रजी असते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना विषय कळतो. अडचण येते ती प्रश्नाचा नेमका रोख वेळेत ओळखण्याची. म्हणून 'स्क्रम गाइड' दोनदा-तीनदा इंग्रजीतूनच वाचणे हिताचे.

अमिषांपासून सावध

'परीक्षा न देता प्रमाणपत्र', 'उत्तीर्ण होण्याची हमी', 'अनुभवाचे पत्र आम्ही देऊ' अशी अमिषे दाखवणाऱ्यांपासून दूर राहावे. पीएमआय काही अर्जांची पडताळणी करते आणि अनुभवाचे पुरावे मागते. कंपन्याही नेमणुकीपूर्वी वा नंतर माहितीची छाननी करून घेतात. खोटे अनुभवपत्र उघडकीस आले, तर हातची नोकरी जाते आणि पुढच्या नोकरीचा मार्गही अवघड होतो. या प्रमुख संस्थांची प्रमाणपत्रे इंटरनेटवर पडताळून पाहता येतात. ज्या प्रमाणपत्राची अशी पडताळणी होऊ शकत नाही, त्याला नोकरीच्या बाजारात फारशी किंमत नाही.

बाजाराचे वास्तव

प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची शाश्वती नव्हे, हे अलीकडच्या घडामोडींनी दाखवून दिले आहे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेने अजाइलशी संबंधित अकराशेहून अधिक पदे रद्द केली. ही कामे अभियंते आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांनीच करावीत, असे धोरण तिने स्वीकारले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले; त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीचा समावेश होता. केवळ बैठका घेणारा आणि अहवाल पाठवणारा समन्वयक कंपन्यांना नकोसा होत आहे. अजाइलची पद्धत जाणणारा आणि स्वतःच्या हातानेही काम करणारा कर्मचारी मात्र हवा आहे.

सराव गावातही शक्य

अनुभवासाठी पुण्याला पोहोचेपर्यंत थांबण्याची गरज नाही. अंतिम वर्षाचा प्रकल्प चार-पाच मित्रांनी मिळून दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत करावा. कामांची यादी ठेवण्यासाठी जिरा हे सॉफ्टवेअर दहा जणांपर्यंतच्या चमूला विनामूल्य मिळते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची नोंदवही किंवा कांदा आडतीचा हिशेब अशी खरी गरज निवडून, वापरणाऱ्याला दर पंधरवड्याला काम दाखवावे. त्याने काय बदलायला सांगितले आणि चमूने काय केले, याची टिपणे ठेवावीत. मुलाखतीत 'स्प्रिंट म्हणजे काय' याचे पाठ केलेले उत्तर सगळेच देतात. आडत्याने तिसऱ्या आठवड्यात मागणी बदलली तेव्हा काय केले, हे सांगणारा उमेदवार लक्षात राहतो. प्रमाणपत्राचा खर्च त्यानंतर करावा. तोपर्यंत कोणते घ्यायचे, याचे उत्तरही बहुधा मिळालेले असते.