थीम वारली

जेवणावळीला 'थीम' हवी हा शोध शहरातला, असं आमच्या मित्रमंडळींचं मत. अहो, इथून पश्चिमेला जव्हार-डहाणूकडे वारल्यांच्या लग्नात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे! गेरूनं सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, बांबूची काडी. सुवासिनी चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी. चौक नाही तर लग्न नाही. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी तिथं कागद नेला. गंजाडचे जिव्या सोमा मशे, पुरुष असून, लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढू लागले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मिळायलाच हवी होती. पण बायकांनी भिंतीवर लिहिली तोवर ती रीत, आणि कागदावर आली की कला, हे गणित मला काही सुटत नाही.

परवा इथं हरसूलला आमच्या सौभाग्यवतींनी नाशिकच्या पाहुण्यांसाठी 'वारली मेजवानी' योजली. तीन रात्री जागून पुठ्ठ्यावर चौक काढला, कंदिलावर तारपानाच. (डिंक लावण्याचं खातं माझ्याकडे.) नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी. पाहुणे खूश!

भांड्यांना येणाऱ्या आजींचं माहेर जव्हारकडचं. त्यांनी चौक निरखला, देवीला हात जोडले आणि विचारलं, "लगीन कोनाचं, बाय?"