आकारवाचक इंग्रजी शब्द : इतिहास आणि औचित्य

मराठी समीक्षालेखनात आकार आणि प्रमाण दर्शवणारे इंग्रजी शब्दप्रयोग सर्रास आढळतात. त्यांतील 'मोठे' तेवढे आपल्याला दिसते. ते मोठेपण कशाचे, हे मात्र शब्दाच्या इतिहासात दडलेले असते.

'रिट लार्ज' हा प्रयोग पाहू. तो मिल्टनच्या 1646 च्या सुमाराच्या एका सुनीतातून रूढ झाला. बिशपांची सत्ता झुगारणारे प्रेस्बिटेरियन स्वतःच धर्ममतांची सक्ती करू लागले, तेव्हा मिल्टनने शब्दाच्या व्युत्पत्तीचाच आधार घेतला. 'प्रीस्ट' हे 'प्रेस्बिटर'चे आखूड झालेले रूप. म्हणजे नवा अधिकारी हा जुन्या पुरोहिताचेच विस्ताराने लिहिलेले नाव! पुढे 'ठळकपणे दिसणारे' हा अर्थही कोशांनी नोंदवला. तरीही समीक्षेला मूळ अर्थ अधिक उपयोगी आहे. कुटुंबातील सत्तासंबंधच राज्यसंस्थेत विस्तारलेले दाखवायचे असतील, तर हा प्रयोग चपखल बसतो. छोटे रूप आणि त्याचा विस्तार, दोन्ही तेथे हवेत.

'बाय अँड लार्ज' हा सतराव्या शतकातील खलाशांचा प्रयोग. 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या दिशेला शक्य तितके जवळ राहून, आणि 'लार्ज' म्हणजे अनुकूल वाऱ्याने जाणे. दोन्ही परिस्थितींत जहाज कसे चालते, यावरून 'एकंदरीत' हा अर्थ आला. 'मोठ्या प्रमाणावर' असा त्याचा अर्थ नव्हे. त्यात अपवादांना जागा असते, हे विसरू नये.

सर्वांत जोखमीचा शब्द 'एनॉर्मिटी'. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. त्या मापाबाहेर गेलेले ते 'एनॉर्मिस'. माप सोडण्यातून एकीकडे प्रचंडपणाचा, तर दुसरीकडे घोर दुष्कृत्याचा अर्थ निघाला. आपल्याकडे 'अमर्याद' आकाशाला म्हणतात आणि 'मर्यादा सोडली' असे वर्तनाविषयी म्हणतात, तसेच हे. इंग्रजीत मात्र 'एनॉर्मस' प्रचंडपणाकडे गेला आणि 'एनॉर्मिटी'वर दुष्कृत्याची छाया राहिली. निव्वळ प्रचंडपणासाठीही तो शब्द वापरला जातो. पण चोखंदळ वाचकाला ते खटकते.

म्हणून 'फुल्यांच्या कार्याची एनॉर्मिटी' असे उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी गौरवाच्या जागी नकळत आरोप ठेवतो. याउलट, 1873 च्या 'गुलामगिरी'तून फुल्यांनी दाखवलेल्या अन्यायाला तोच शब्द यथार्थ ठरतो. एकाच ग्रंथाविषयी लिहिताना हा शब्द कोणाच्या पदरात टाकायचा, हा केवळ भाषाशुद्धीचा प्रश्न नाही. आपला निवाडा कोणाच्या बाजूने आहे, हेच त्यातून ठरते.

मोठेपणाचा शब्द योजण्यापूर्वी त्याचा गुण्या एकदा लावून पाहावा, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे.